बावन्न मीटरवरचं जहाज

दहावीचा निकाल लागला की नागपूर विभागातल्या आमच्या मौद्यात हल्ली दोन बातम्या जोडीनं येतात. कोकण विभाग राज्यात पहिला, आणि नागपूर विभाग शेवटचा. २०२४ साली कोकण ९९.०१ टक्के, आपण ९४.७३. २०२५ साली कोकण ९८.८२, आपण ९०.७८. बोर्डाचे विभाग नऊ आहेत म्हणून आपण नववे. दहा असते तर दहावीत दहावे आलो असतो, याबद्दल गावात कुणालाच शंका नाही.

यावर बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर दोन दिवस चर्चासत्र चालतं. एक पक्ष मोबाईलला दोष देतो, आणि देताना स्वतः मोबाईलमध्ये बघत असतो. दुसरा पक्ष उन्हाला दोष देतो. तिसऱ्या पक्षाचं म्हणणं, कोकणातले लोक मासे खातात आणि माशानं बुद्धी वाढते. "मासे तं आपनही खातो. कन्हानचे," कुणीतरी आठवण करून देतो. मग तिसरा पक्ष पानात चुना कमी टाकायला सांगतो आणि विषय संपतो.

माझा सिद्धांत वेगळा आहे आणि तो मी पुस्तकं वाचून काढला आहे. आमच्या घरी यंदा दहावी आहे. दहावी पुतणीची, पण या वर्गात कुणी एकटं बसत नाही. आजीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे बसतात. रात्री ती झोपली की तिची पुस्तकं मी चाळतो. चाळून चाळून या निष्कर्षाला आलो आहे की आपल्या अभ्यासक्रमाचं तोंड समुद्राकडे आहे. कोकणातलं पोरगं खिडकीबाहेर पाहतं तेव्हा त्याचा अभ्यास चाललेला असतो. मौद्यातलं पोरगं खिडकीबाहेर पाहतं तेव्हा त्याला खडू फेकून मारतात.

पुरावे देतो. २०१८ साली आलेलं भूगोलाचं पुस्तक घ्या. पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा, आणि त्यातली सहल जाऊन जाऊन जाते कुठं, तर अलिबागला. समुद्र, किनारा, किल्ला. आमच्याकडची सहल रामटेकला जाते, फारच लांबची ठरली तर आंभोऱ्याला, जिथं आपली कन्हान वैनगंगेला मिळते. बरं, नदीचा तरी आधार असावा, तर तीही कोकणाकडे पाठ करून निघालेली. कन्हान वैनगंगेत, वैनगंगा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे समुद्र आम्हालाही आहे, पण पेपरात येतो त्याच्या विरुद्ध दिशेचा.

क्षेत्रभेट आटोपली की उरलेलं सगळं पुस्तक भारत आणि ब्राझील. दोन देश शेजारी ठेवून वर्षभर तुलना. मौदा तालुक्यातल्या कोणत्याही दहावीच्या पोराला झोपेतून उठवून विचारा, विषुववृत्त ब्राझीलच्या कोणत्या भागातून जातं? उत्तर भागातून. मकरवृत्त? दक्षिण भागातून. राजधानी? ब्राझीलिया. अजस्र कडा, दुष्काळ चतुष्कोन, पँटानलची दलदल, जगाचा कॉफीपॉट, सगळं तोंडपाठ. त्याच पोराला विचारा, कोदामेंढी मौद्याच्या कोणत्या दिशेला? "तिकडं," असं म्हणून तो हात दाखवतो, आणि हात बहुतेक वेळा बरोबर असतो, पण हाताला गुण नाहीत.

पुतणी एके संध्याकाळी ब्राझीलची शेती मोठ्यानं वाचत होती. आजी तांदूळ निवडत ऐकत होती.

"हे ब्राझील कोठं आलं वं? भंडाऱ्याच्या पुढं काय?"

"लय पुढं, आजी. समुद्राच्या पार."

"तेथं धान होते?"

"होते."

"मंग चांगला गाव आहे," आजीनं निकाल दिला. साऱ्या घरात भूगोलाच्या पाठाचं सार काढणारी तेवढी एकच.

इतिहासात तर समुद्र ओलांडून सरळ युरोपात उतरावं लागतं. आम्हाला वाटायचं इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या. आता दहावीचा पहिला पाठ इतिहास कसा लिहितात यावर आहे. रेने देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, मायकेल फुको आणि सिमोन द बोव्हा. ही मंडळी मौद्याच्या वर्गात पहिल्यांदा आली तेव्हा पोरांना ती फुटबॉलची टीम वाटली, आणि शेजारच्याच पुस्तकात ब्राझील असल्यानं शंका पक्की झाली. पण मौद्याचं पोरगं चिवट. कोण कुठला ते न विचारता त्यानं जोड्या लावून टाकल्या. हेगेल म्हणजे द्वंद्ववाद. फुको म्हणजे ज्ञानाचं पुरातत्त्व. मार्क्स म्हणजे वर्गसंघर्ष, आणि हा मात्र सगळ्यांना एका दमात समजला, कारण अ तुकडी आणि ब तुकडी यांच्यात नळावर तो रोज होतो.

स्त्रियांच्या बाजूनं इतिहास पाहायला शिकवलं ते सिमोन द बोव्हा यांनी, असं पुतणी पाठ करते. आता बाईच्या बाजूनं पाहायचा इतिहास आमच्याकडंही आहे. इथून जवळ, रामटेक तालुक्यात, नगरधन आहे. वाकाटकांची नंदिवर्धन नावाची राजधानी ती हीच, असं मानतात. पाचव्या शतकात तिथून प्रभावतीगुप्ता नावाच्या राणीनं मुलं लहान असताना राज्य चालवलं, स्वतःच्या नावानं ताम्रपट दिले, आणि तिची मोहर नगरधनच्या उत्खननात सापडली. मी हे पुतणीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "काका, हे कितव्या पानावर आहे?" मी म्हटलं, पानावर नाही, नगरधनला आहे. तिनं दयेनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पॅरिसला गेली.

पण माझ्या सिद्धांताचा सगळ्यात भक्कम पुरावा भूमितीत सापडतो, त्रिकोणमितीत. तिथं एक दीपगृह आहे, ९० मीटर उंच. वर एक माणूस उभा आहे, त्याला दुसरं काही काम नाही. तो एका जहाजाकडे पाहतो, अवनत कोन ६० अंशांचा होतो, आणि जहाज किती दूर आहे ते मौद्याच्या पोरानं सांगायचं. ज्या पोरानं आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं जलवाहन म्हणजे आंभोऱ्याचा डोंगा.

सरांनी फळ्यावर गणित सोडवलं. नव्वद भागिले वर्गमूळ तीन. उत्तर एक्कावन्न पूर्णांक नव्वद शतांश, म्हणजे बावन्न मीटरच म्हणा. वर्ग उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळा झाला. मागच्या बाकावरचा एक जण मात्र रेघा मारेना.

"सर, दीपगृह नव्वद मीटर उंच, अन् जहाज बावन मीटरवर?"

"हो. मग?"

"मंग तं ते जहाज फुटलंच असन न सर!"

वर्ग हसला. सर हसले नाहीत, कारण त्यांनाही तो हिशेब पहिल्यांदाच दिसला होता. शाळेच्या फाटकापासून समोरचा चहाचा ठेला याहून लांब आहे. एवढ्या जवळ आलेलं जहाज पाहून वरच्या माणसानं बोंब मारायला हवी होती, तो कोन मोजत बसला. सरांनी क्षणभर फळ्याकडे पाहिलं आणि शिक्षकी पेशाला शोभेल असा खुलासा केला, "उत्तर आलं न? मग जहाजाचं जहाज पाहून घेईल."

दुसऱ्या दिवशी त्याच सरांनी गणित मौद्यात आणलं. खिडकीतून औष्णिक वीज केंद्राची चिमणी दिसते. दीपगृहाच्या जागी चिमणी, समुद्राच्या जागी नागपूर–भंडारा रस्ता आणि जहाजाच्या जागी ट्रक. चिमणीच्या टोकावरून ट्रककडे पाहणारा माणूस अवनत कोन अमुक करतो, तर ट्रक किती दूर? सगळ्या वर्गाचे हात वर. कधी नव्हे तो मागचा बाक पुढे आला. फक्त शंका वाढल्या. माणूस चिमणीवर चढला कसा? सेफ्टी बेल्ट होता का? ट्रक कोळशाचा की राखेचा? राखेचा असेल तर ताडपत्री टाकली होती का? शेवटच्या प्रश्नाशी त्रिकोणमितीचा संबंध नाही असं सरांनी सांगितलं. ज्याची सायकल रोज त्या ट्रकांच्या मागे असते त्याला ते पटलं नाही. तास संपला तेव्हा ट्रकचं अंतर निघालं नव्हतं, पण घरी जाताना प्रत्येक जण एक डोळा मिटून चिमणीकडे बघत होता.

या चिमणीचं विज्ञानाशी नातं आणखी नाजूक आहे. 'हरित ऊर्जेच्या दिशेने' असा एक पाठ आहे. दिशा हरित असली तरी पाठ निघतो कोळशापासूनच, आमच्याकडचा बहुतेक प्रवास तसाच निघतो. कोळसा, बॉयलर, वाफ, टर्बाइन, जनित्र अशी प्रवाहआकृती काढायची असते. मौद्याचं एनटीपीसीचं केंद्र २३२० मेगावॅटचं: दोन संच ५०० चे, दोन ६६० चे. वर्गात एकाचे बाबा तिथं राखेचा ट्रक चालवतात, एकीचा मामा वेल्डर, एकाच्या घरात तिथल्या कामगारांना खोल्या भाड्यानं दिलेल्या. या वर्गानं प्रवाहआकृतीत पैकीच्या पैकी गुण मिळवायला हवेत. मागच्या बाकावरच्यानं काढलेल्या आकृतीत बॉयलरच्या आधी एक चौकोन जास्तीचा होता आणि त्यात लिहिलं होतं 'गेटपास'. मार्क कापले. त्याचं म्हणणं, गेटपासशिवाय तेथं वाफसुद्धा आत जाऊ शकत नाही.

याच पाठाच्या ऐन मध्यावर पंखा बंद पडतो. "लाईन गेली!" दोन्ही तुकड्यांचं एकमत होणारं हे वर्षातलं एकमेव विधान. मग सर समजावतात, बाळांनो, खिडकीतून दिसणारी वीज थेट आपल्या पंख्यात येत नाही, ती आधी ग्रिडमध्ये जाते, तिथून अनेक राज्यांत वाटली जाते. पोरं घामाघूम होऊन ऐकतात. राष्ट्रीय एकात्मतेवर इतका मनापासून विश्वास ठेवणारा वर्ग दुसरीकडे सापडायचा नाही.

उष्णतेच्या पाठात पाण्याचं असंगत आचरण आहे. शून्य ते चार अंश सेल्सिअस या दरम्यान पाणी इतर द्रवांसारखं वागत नाही. आता चार अंश ही अवस्था मौद्यात फक्त रसवंतीशेजारच्या दुकानाच्या फ्रिजमध्ये असते, आणि तिथंही लाईन असेल तर. आम्हाला शून्याच्या बाजूचं तापमान माहीत नाही, पंचेचाळिसाच्या बाजूचं माहीत आहे. ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. नंतर हवामान खात्यानं यंत्र बिघडल्याचं सांगितलं. मौद्यात एकाही माणसाला यंत्र बिघडलं असं वाटलं नाही. ते पहिल्यांदाच खरं बोललं आणि म्हणून त्याला गप्प केलं, असा समज अजून आहे. उन्हामुळंच विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. म्हणजे कोकणातलं पोरगं पहिला पाठ संपवून दुसऱ्याला लागतं तेव्हा आमचं पोरगं वह्यांना कव्हर घालत असतं.

आणि शाळा उघडली की रोवणी येते. पेंचच्या कालव्याला पाणी सुटलं, बांध्यांत चिखलणी झाली की वर्गातली हजेरी पऱ्ह्यांच्या पेंड्यांसोबत शेतात जाते. सर हजेरी घेतात तेव्हा "हजर"ऐवजी "रोवण्यावर आहे" असा आवाज शेजारच्या बाकावरून येतो आणि सर तो समजूतदारपणे लिहून घेतात, कारण त्यांच्या घरचे मजूरही तिकडेच अडकलेले असतात.

रोवणीवरून आठवलं, मराठीच्या मॅडमनी 'शेतकऱ्याचे मनोगत' लिहायला दिलं. पुतणीनं मन लावून लिहिलं. तुडतुडा कसा लागतो, खोडकिडा कधी येतो, कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी का पोचत नाही, २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आणि त्यात मजुरी, खत, फवारणी वजा जाता हाती काय राहतं. मॅडमनी खाली लाल शाईनं शेरा दिला, "मनोगतात आकडे नकोत. भावना हव्यात." पुतणीनं पुन्हा लिहिलं. सुरुवात 'मी या देशाचा पोशिंदा' अशी केली, मध्ये घामाचे मोती पेरले, शेवटी काळ्या आईला वंदन केलं. आठपैकी सात. तिच्या बाबानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, दोन्ही मनोगतं वाचली आणि विचारलं, "हा दुसरा शेतकरी कोन्या गावचा आहे?"

कवितेचं रसग्रहण ही भावनेची पुढची पायरी. कविता कोणतीही येवो, रसग्रहण एकच पाठ केलेलं असतं: कवीनं साध्या, सोप्या, ओघवत्या भाषेत मोठा आशय मांडला आहे, शब्दयोजना समर्पक आहे, ही कविता मनाला भावते. कवीचं नाव बदललं की झालं. इंग्रजीच्या कवितेलाही हेच चालतं, तिथं फक्त यमकाची योजना इंग्रजी अक्षरांत लिहायची. हिंदीत मात्र वेगळाच घोटाळा आहे. मौद्याचं पोरगं ढाब्यावरच्या ट्रकवाल्याशी, भंगारवाल्याशी आणि क्रिकेटच्या अंपायरशी अस्खलित हिंदीत भांडतं. त्याच हिंदीच्या पेपरात त्याला पन्नासच्या वर गुण मिळत नाहीत. जी हिंदी त्याला येते तिचा पेपर निघत नाही, आणि जिचा पेपर निघतो ती मौद्यात कुणाशी बोलावी हा प्रश्न आहे.

गणितानं एका बाबतीत मात्र मौद्याला जवळ घेतलं आहे. बीजगणितात संभाव्यता आहे आणि संभाव्यतेत पत्ते आहेत. बावन्न पानांच्या कॅटमधून बदामाचा राजा येण्याची शक्यता किती? पत्ते घरात आणले म्हणून ज्या पोराला पोळ्याला मार मिळाला होता, तो हे पान उघडून बापासमोर बसला. बाप काही बोलला नाही. उलट एका गणितात त्यानं मदत केली आणि उत्तर बरोबर आलं.

एवढे पुरावे गोळा झाल्यावर मी माझा सिद्धांत जेवताना घरात मांडला. कोकणाचा निकाल चांगला लागतो कारण दीपगृह, जहाज, किनारा सगळं त्यांच्या दारात आहे. बोर्डानं एकदा मौद्याच्या बाजूनं पेपर काढून पाहावा. चिमणी, ट्रक, बांधी, रोवणी, मिरचीचे सातरे. मग कळेल रत्नागिरीच्या पोरांना.

पुतणीनं वरणभात कालवता कालवता ऐकून घेतलं.

"काका, ब्राझील रत्नागिरीच्या दारात आहे काय?"

"नाही."

"फुको तेथं राहत होते?"

"नाही."

"चिमणी आपल्या दारात आहे. प्रवाहआकृतीत आपल्या वर्गाले किती मार्क पडले, तुम्हाले माहीत आहे न?"

मी पाणी प्यायलो.

"तुम्ही तसा पेपर काढला तं ते पोट्टे पहिल्या ओळीत लिहितीन, समजा ट्रक म्हणजे जहाज. अन् सोडवून मोकळे होतीन. आपले पोट्टे ताडपत्री टाकली का, हेच इचारत बसतीन."

माझा सिद्धांत वरणभातासोबत संपला. भाऊ खाली मान घालून हसत होता. पण त्याचं हसू पुढच्याच आठवड्यात उतरलं, आणि तेही बीजगणितामुळं.

धानावर तुडतुडा दिसला म्हणून आम्ही तिघं कृषी केंद्रात औषध घ्यायला गेलो. बाटलीवर किंमत छापलेली ११८० रुपये. दुकानदारानं बिल केलं १३९२ रुपये ४० पैसे. भावानं पैसे काढलेसुद्धा. पुतणीनं बिल हातात घेतलं.

"हे वरचे दोनशे बारा रुपये कायचे?"

"जीएसटी, बाई. अठरा टक्के. नऊ केंद्राचा, नऊ राज्याचा."

"तो तं छापील किमतीत धरूनच असते. मूळ किंमत हजार, नव्वद अन् नव्वद कर, झाले अकराशे ऐंशी. तुम्ही करावर कर लावला."

दुकानात आणखी चार शेतकरी उभे होते. ते आपापल्या खिशातली बिलं काढू लागले. दुकानदारानं घाईनं बिल फाडलं, दुसरं केलं, २१२ रुपये ४० पैसे कमी केले, वर पुतणीला एक चॉकलेट दिलं आणि भावाला म्हणाला, "लय हुशार आहे भाऊ तुमची पोट्टी. बोर्डात येते, लिहून घ्या."

भाऊ रस्त्याभर छाती पुढे काढून चालत होता. घराजवळ आल्यावर त्यानं सहज विचारलं, "ह्याच जीएसटीच्या धड्यावर चाचणी झाली न तुही? किती पडले?"

"वीसपैकी नऊ."

भाऊ थांबला. "काऊन वं? दुकानात तं फाडफाड सांगितलं."

पुतणीनं चॉकलेटचा कागद उलगडला.

"पेपरातला दुकानदार बिल बरोबर बनवते न, बाबा. तेथं पकडाले काही राहतच नाही."